अण्णारावांच्या टाचेखालचं संशोधन

मुरुडच्या विरूपाक्ष आप्पांनी चाळीस वर्षांत रबराचा एक तुकडा वाया घालवला नाही. पंक्चरच्या दुकानात हाताला येईल ते गरम प्रेसमध्ये घालायचं, चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं. विचारबिचार करत बसायला त्यांना वेळच नसे. त्यामुळं पुतणी ऋतुजानं नांदेडच्या प्रयोगशाळेत चार वर्षं खपून बनवलेली रबराची पिवळी चकती त्यांनी शेजारच्या अण्णारावांच्या उजव्या चपलेला टाच म्हणून चिकटवून टाकली. ऋतुजा नुसती चहा प्यायला घरात गेली होती.

"काका! परवा माझी पीएचडीची तोंडी परीक्षा हाय. तेवढा एकच नमुना होता!"

"मग फळीवर कशाला ठिवलीस? पाटी तरी लावायची."

अण्णाराव तर चप्पल द्यायलाच तयार होईनात. "टाचेचा ठणका गेला माझा. चप्पल जाईल तिथं मीबी येतो."

झालं. तिघंही नांदेडला.

"नमुना कुठंय?" परीक्षक बाईंनी विचारलं. अण्णारावांनी चपलेसकट पाय खुर्चीवर ठेवला. बाई चष्मा सावरत वाकल्या. काकांनी पुढं होऊन सदऱ्याच्या टोकानं टाच पुसली. पोरीची चार वर्षं त्या पायाखाली होती.

ऋतुजा मात्र घडाघडा बोलली. "टायरच्या रबरात रेणूंच्या साखळ्या कायमच्या जखडलेल्या असतात. तापवलं तर जळतं, वितळत नाही. माझ्या साखळ्यांना शेजारी मोकळे हात ठेवलेत. तापल्यावर एक जोड सुटतो तो दुसरा धरूनच."

"म्हणजे पंगतीत जागा बदलल्या, पण पंगत न्हाई मोडली," काका मध्येच म्हणाले.

"अगदी!" बाई म्हणाल्या. "आता दाखवा."

प्रयोगशाळेच्या प्रेसमध्ये दोन दिवसांत ओरखडलेली टाच मऊ पडली, सुटली, साच्यात पुन्हा गोल झाली. ओरखडासुद्धा उरला नाही.

"आणि तुलनेला साधं रबर?"

काकांनी अण्णारावांच्या पायातली टायरच्या टाचेची डावी चप्पल ओढली आणि टाचेकडून प्रेसमध्ये सारली. असा धूर झाला, की परीक्षा अंगणात न्यावी लागली. तिथंच ऋतुजा पास झाली.

"बेस झालं, डॉक्टरीणबाई," अनवाणी अण्णाराव म्हणाले. "आता मी मुरुडला कसा जाऊ?"

ऋतुजानं चकती मधोमध कापली आणि दोन पातळ टाचा दाबून दोन्ही चपलांना बसवल्या. विद्यापीठातल्या तिच्या विभागाच्या कपाटातला नमुन्याचा डबा अजून रिकामाच आहे. कुणाला नमुना बघायचाच असेल, तर मुरुडला जाऊन अण्णारावांना पाय वर करायला सांगावं लागतं. ते दोन्ही दाखवतात.