नारिंगी प्लग आणि दहा मिनिटं

आधीच माफी मागतो. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि भारी शब्द मला येत नाहीत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे हात घामाने ओले होतात, म्हणून लिहून सांगतोय.

पेट्रोलच्या गॅरेजात किस्से होतात, पण ते बसून सांगायला वेळ नसतो. आमच्याकडे वेळ असतो. आमचं गॅरेज जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचं, नाशिकला द्वारकेच्या पुढे आत गेल्यावर. वॉरंटी संपलेल्या, शोरूमने "आता नवीन घ्या" म्हणून परत पाठवलेल्या गाड्या इथे येतात. दुखणं बहुतेक एकच. समोर लाल दिवा लागतो आणि खाली अक्षरं येतात, की विजेत बिघाड आहे, गाडी बाजूला घ्या.

अशा गाडीला हात लावायच्या आधी पुढच्या दोन सीटच्या मधला नारिंगी प्लग काढावा लागतो. मुठीएवढा असतो. तो काढला की बॅटरीची वीज पुढे जायची बंद होते. पण जी पुढे जाऊन साठलेली असते ती लगेच मरत नाही. दहा मिनिटं थांबायचं. ती दहा मिनिटं मी आणि सलीमचाचा भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसायचो. आमचे सगळे किस्से त्या बाकावर साचलेत.

गॅरेज चाचांचं. आधी ते पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. उन्हाळा असो की पावसाळा, अंगात बिनबाह्यांचं राखाडी जाकीट. काढलेला प्लग त्या जाकिटाच्या खिशात जायचा.

"टेबलावर नाही, खिशात!" हा त्यांचा पहिला नियम. "तू गाडीखाली आहेस, आणि कोणी शहाणा म्हणाला, बघू चालू होते का, आणि प्लग बसवला. मग? आपली जान आपल्या खिशात."

दुसरा नियम, ज्याने काढला त्यानेच बसवायचा. तिसरा फक्त माझ्यासाठी होता. "काशी, हात पूस आधी!"

*

त्र्यंबकेश्वरला भाविकांना ने-आण करणारा एक ड्रायव्हर आला. गाडी जुनी, रोज चार फेऱ्या. म्हणाला, "चाचा, एसी थंड करत नाही, बघा जरा."

चाचा आत बसले आणि बघतच राहिले. लाल दिव्याच्या जागी काळी चिकटपट्टी!

"हे काय?"

"पॅसेंजर घाबरतात ना. दर्शनाला निघालेत आणि समोर लाल दिवा. बरं दिसत नाही."

चाचांनी पट्टी हळूच सोलली, त्याच्या डोळ्यावरच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर नीट चिकटवली, आणि किल्ली त्याच्या हातात दिली. "आता चालव. आता तूही घाबरणार नाहीस."

मी हसलो. तोही हसला. "उद्या नक्की आणतो, आज बुकिंग आहे," म्हणून गेला.

आला तो आठवड्याने, चालत. गाडी रस्त्यातच पेटली होती. माणसं उतरली होती, सामान राहिलं होतं. त्याच्या हातात नुसती किल्ली होती. कोणाला द्यायची ते कळत नसल्यासारखा तो ती धरून उभा होता. चाचांनी त्याला बाकावर बसवलं आणि चहा मागवला.

तो गेल्यावर मला म्हणाले, "त्या दिवशी मी किल्ली परत द्यायला नको होती."

*

माझं गाव सुरगाण्याकडे, डोंगरात. आई एकदा गॅरेजात आली. चाचांनी तिला बाकावर बसवलं. तिने विचारलं, "माझा काशिनाथ इथं करतो तरी काय?"

"गाडीत दिवा लागला की तो का लागला ते शोधतो," चाचा म्हणाले.

आईने गॅरेजातल्या गाड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "आमच्याकडं दिवा लागत नाही म्हणून माणसं रडतात. तुमच्याकडं लागला म्हणून रडतात होय?"

चाचा इतके हसले की त्यांना धाप लागली. छातीवर हात ठेवून बराच वेळ बसले. मी विचारलं तर म्हणाले, "ॲसिडिटी आहे. तू हात पूस."

*

आता भामरे काका. मूळचे सटाण्याचे, एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी करून रिटायर झालेले. त्यांच्याकडे पांढरी जुनी गाडी आहे. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं, पार्ट मिळत नाहीत. तरी काका ती सोडत नाहीत, कारण काकू.

काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पेट्रोलच्या वासाने त्यांना उलटी होते, रिक्षाच्या दणक्यांनी हाताची सुई लावायची जागा ठणकते. या गाडीला वास नाही, आवाज नाही. येताना त्या मागे झोपतात. "दवाखान्यातून घरी येईपर्यंतची तेवढीच झोप तिची," काका सांगायचे.

आणि या गाडीत लाल दिवा लागायला लागला. रोज नाही. सकाळी निघताना लागायचा, आमच्याकडे येईपर्यंत जायचा. आम्ही मीटर लावायचो तर सगळं ठीक! असं कितीदा तरी झालं. काका वैतागले. "चाचा, ही तुमच्याकडे आली की बरी कशी होते?"

मागून काकू अहिराणी वळणाने म्हणाल्या, "माझंही तसंच शे. डॉक्टर दिसला की दुखायचं थांबतं."

एक दिवस भर रस्त्यात, दवाखान्याच्या अलीकडे, गाडीने पुढे जायला नकार दिला. काकू उतरून चालत निघाल्या आणि रस्त्याच्या कडेला बसल्या. त्या दिवशी काका आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "चाचा, दुसरी गाडी घेता येईल. पण ती घेईपर्यंत हिचं काय?"

*

काकांचा एक किस्सा आम्ही दर थोड्या दिवसांनी सांगायला लावायचो.

कामावर त्यांचाही असाच नियम होता. मशीन बंद करून जो कामाला जाईल त्याने आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. एकदा एक फिटर काम संपवून कुलूप न काढताच घरी गेला. किल्ली त्याच्या खिशात. इकडे सगळे बसून! निरोप पाठवला तर कळलं, त्याची आज हळद.

"मग?" चाचा दरवेळी विचारायचे, माहीत असूनही.

"मग काय! आला जीपमधून. तोंड पिवळं, हात पिवळे, डोक्याला टोपी. कुलूप काढलं, सगळ्यांना नमस्कार केला, आणि गेला लग्नाला. ते कुलूप शेवटपर्यंत पिवळं होतं!"

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, आणि तो माणूस मेलाच असता तर?"

काकांचं हसू गेलं. मग म्हणाले, "नियमात तेवढं लिहिलेलं नव्हतं रे."

चाचा म्हणाले, "घरच्यांना विचारायचं. आणखी कोणाला विचारणार?"

*

चाचांनी शेवटी काकांना सांगितलं, "गाडी रात्री इथेच सोडा. सकाळी ओल असताना बघतो. पाणी जातंय कुठेतरी."

सकाळी मी शटर उघडलं तर चाचा आधीच बाहेर उभे. गाडी चालू केली. लाल दिवा! चाचांना असा आनंद झाला, जसा चोरच सापडला. त्यांनी प्लग काढला, जाकिटात टाकला आणि आम्ही बाकावर बसलो.

"चार्जरच्या वायरीचा जोड," ते म्हणाले. "तिथेच असेल बघ. ऊन पडलं की सुकतो, म्हणून आपल्याला सापडत नव्हता."

बोलता बोलता त्यांनी छातीवर हात ठेवला. कपाळावर घाम आला होता. सकाळची वेळ, बाहेर पावसाची भुरभुर, आणि त्यांना घाम.

"चाचा, दवाखान्यात जाऊ."

"दहा मिनिटं होऊ दे."

"चाचा, चला ना."

"काशी, घाई करायची नाही. दहा मिनिटं होऊ दे, मग बघू."

मी आणखी बोलायला हवं होतं की उचलायला, मला कळलं नाही. मी रिक्षा आणायला धावलो. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

संध्याकाळी दफन झालं. मी खांदा दिला.

*

गाडी तशीच उभी. प्लग चाचांच्या जाकिटात, जाकीट दवाखान्याने दिलेल्या पिशवीत, पिशवी त्यांच्या घरी. तसा प्लग आता दुकानात मिळत नाही. काकू रिक्षाने जात होत्या. काकांनी एकदाही फोन केला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

चौथ्या दिवशी मी चाचांच्या घरी गेलो. दारात रेहाना, त्यांची मुलगी. चाची इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस पाळते त्यात, म्हणून आतल्या खोलीत पडद्याआड. मी खुर्चीवर बसलो. हात ओले झाले.

पडद्यामागून चाचींचा आवाज आला. "काशी आहे ना? रेहाना, ते दे त्याला."

रेहानाने रुमालात बांधलेली वस्तू आणून माझ्या हातात ठेवली. न सोडताच कळलं.

"जाकीट धुवायला काढलं तर हे निघालं," चाची म्हणाल्या. "त्यांचंच आहे ना कामाचं?"

"हो चाची. पण..." मी अडकलो. "नियम आहे. ज्याने काढला त्यानेच बसवायचा."

रेहाना माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हे आत्ता बोलायला नको होतं.

मग चाची म्हणाल्या, "माहीत आहे. रोज जेवताना तेच ऐकलंय मी. मी देतेय ना तुला. घरच्यांनी दिला तर चालतं की नाही?"

"चालतं, चाची."

"मग ने. आणि ऐक. हात पुसून घे, तुझे हात ओले असतात म्हणे. आणि ते दहा मिनिटं थांबायचं असतं, ते थांब. घाई करू नको."

चार दिवस प्लग बाहेर होता. थांबावं लागेल अशी वीज गाडीत उरलेलीच नव्हती. ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं. भामरे काका काकूंना रिक्षातून घेऊन आले. काकूंचा चेहरा उतरलेला, तोंडाला पदर. काका बाकाच्या कोपऱ्यात बसायला गेले, तर काकूंनी त्यांची बाही धरून त्यांना अलीकडे ओढलं. तो कोपरा चाचांचा.

मी हात पुसले. प्लग खिशात ठेवला आणि त्यांच्याशेजारी बसलो.

काकांचा सगळा जन्म विजेत गेलेला. मी कशासाठी बसलोय हे त्यांना कळेना. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्या खिशाकडे बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ वर केलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "झाली का रे?"

"नाही काका. अजून आहेत."