यमुनाबाईंनी माझं पेन धरलं

बंदरामागच्या वस्तीत अंगणवाडी चालवणाऱ्या यमुनाबाई माझ्या डोक्यात जायच्या. मी शेजारच्या शाळेत पहिलीची शिक्षिका. त्यांच्याकडून येणाऱ्या पोरांना शंभरपर्यंत अंक म्हणता येत नसत, आणि या बाई पोरांशी खेळत बसलेल्या. ‘डोकं’ म्हटलं की पाय धरायचे, ‘पाय’ म्हटलं की डोकं. शिंपले आधी रंगानं लावायचे, टाळी वाजली की मोडून आकारानं. खासगी बालवर्गातली मुलं धडाधड अंक म्हणत पहिलीत येतात आणि आमची ही अशी! एकदा मी तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, “अंक पाठ होतील हो बाई. आधी हात आवरायला नको काय शिकायला? सांगितलेलं मनात धरून ठेवायला?”

मला ती कामचुकारपणाची सबब वाटली.

लहानपणी त्यांना स्वतःला पहिलीत दोनदा बसवलं होतं. ते त्या हसत सांगत, पण हसताना समोरच्याकडे बघत नसत.

आमच्या शाळेची एक वाईट खोड होती. प्रवेशाआधी मी मुलांची परीक्षा घ्यायचे आणि जे कच्चं वाटेल त्याला ‘अजून एक वर्ष अंगणवाडीत’ म्हणून परत पाठवायचे. हे नियमात बसत नव्हतं. पण वस्तीतली माणसं भांडायला येत नाहीत, म्हणून चालून जायचं.

यंदाच्या परीक्षेच्या दिवशी शेवटची मुलगी होती झारा. तिची आई अमरीन जेटीवर मासळी विकते. टोपली बाहेर ठेवून ती दारात उभी होती. यमुनाबाई आपल्या पोरांना घेऊन आल्या होत्या, त्या माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. परीक्षा सुरू होण्याआधीच तिनं मला सांगून टाकलं, “बाई, नाय घेतलीत तर ही गुहागरला जाईल. माझ्या भावजयीला तान्हं पोर हाय, ते सांभाळायला. भाऊ उद्याच येतो न्यायला. एकदा गेली की ती परत कशाला पाठवतील?”

“बघू,” मी म्हटलं. साडेबाराला यादी द्यायची होती आणि बारा कधीच वाजून गेले होते.

झारा एकोणतीसच्या पुढे अडकली. मग मी तिच्यापुढे बारा लाकडी मणी ठेवले. दोन मोठे, दहा लहान. “तिघांना सारखे वाटून दे.”

ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग भरभर तीन वाटे केले. पहिल्या दोन्हींत एक मोठा आणि दोन लहान. तिसऱ्यात सहाच्या सहा लहान.

“तीन, तीन आणि सहा,” मी म्हटलं. “हे सारखे?”

तिनं मान हलवली. सारखे.

मी शेरा लिहायला पेन टेकवलं आणि यमुनाबाईंनी ते वरून धरलं. माझं पित्त खवळलं.

“सोडा.”

“लिहू नका. तिनं असं का केलान, ते विचारा तरी.” त्यांनी पेन सोडलं नाही.

विचारलं. झारा पुटपुटली, “मोठा हाय ना. मग त्याच्यात लहान कमी घालायचे. नायतर गिऱ्हाईक भांडतं.”

दारातून अमरीन म्हणाली, “जेटीवर मासळीचे वाटे तीच लावते माझ्यासोबत.”

मी पुन्हा मण्यांकडे पाहिलं. मोठा मणी चार लहानांच्या बरोबरीचा धरला, तर तिन्ही वाटे अगदी सारखे होते. तरी मी हट्टाला पेटले. “शाळेत मोजून वाटायचं असतं. ते येतं का तिला?”

यमुनाबाई खाली बसल्या. “झारा, आता मासळी नाय. आता मोठा-लहान बघायचा नाय. नुसते मोजून सारखे.”

झारानं सगळे मणी एकत्र केले. तिचा हात सवयीनं मोठ्या मण्याकडे दोन लहान सरकवून थांबला. अमरीननं पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं, झालं, पोर आता पुन्हा तेच करणार. ओठ हलत होते, हात तसाच होता. मग तिनं आणखी एक लहान मणी उचलला आणि तिथं ठेवला. दुसऱ्या मोठ्याजवळही तीन लहान, उरलेले तिसऱ्या वाट्यात. चार, चार, चार.

मी झाराचं नाव पहिलीच्या यादीत लिहिलं. अमरीन टोपली उचलून गेली. डोळे पुसत गेली, हे मी पाहिलं. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं थोडं कौतुकही.

यमुनाबाई मणी डब्यात भरत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गेल्या वर्षी रझियानंपण असेच वाटे घातलेले, बाई. तुम्ही फुली मारलीत. मी इथंच उभी होते, आणि माझी जीभ उचलली नाय.”

“रझिया कुठे असते आता?” मी विचारलं.

“मामाकडे, नाटे गावाला. त्याचं पोर सांभाळते.”