उजव्या सीटसमोरचे दोन काटे

अविभावजी गेल्याचं कळल्यावर ज्यांचे ज्यांचे फोन आले, त्यांतल्या बहुतेकांनी आधी एकच प्रश्न विचारला. जरा चाचरत, आवाज खाली घेऊन... "विमानात?" आणि दर वेळी मला सांगावं लागलं की नाही हो, विमानात नाही. विमान धडधाकट आहे, शेडमध्ये उभं आहे. ते गेले ते हॉस्पिटलच्या खाटेवर, भर दुपारी. कावीळ म्हणून सुरू झालं आणि स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. त्या दुपारी मी मुगाची पातळ खिचडी डब्यात भरत होते. श्रीकांतचा, माझ्या यजमानांचा, फोन आला. "डबा नको आणूस आता," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि डब्याला झाकण लावलं. घट्ट लावलं, पिशवीत ठेवला, पिशवी दाराशी नेऊन ठेवली. मग तिथेच खाली बसले.

अविनाश, म्हणजे अविभावजी, माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी जुनी इंदूरमधल्या ह्या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते. सासू-सासरे आधीच गेलेले. श्रीकांतनी नोकरी धरून धाकट्या भावाला वाढवलं होतं, त्यामुळे घरात मला सासू नव्हती पण एक आयता मुलगा होता, माझ्याहून थोडाच लहान. पुढे ते पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर झाले. पगार हातात आल्यावर लोक स्कूटर घेतात, हे विमान चालवायला शिकले. लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं, ते मोडलं, आणि त्यानंतर तो विषय काढला की ते हसून म्हणायचे, "वहिनी, अपन ऐसे ही ठीक हैं."

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की ते विमान बनवणार आहेत. विकत घेणार नाही, बनवणार. गच्चीवर! ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या, पोलादी तारा आल्या, आणि शेवटी लाकडी खोक्यातून इंजिन आलं. बैठकीत चटईवर ते ठेवलं तेव्हा मी लांबूनच पाहत होते. "घाबरू नका वहिनी," ते म्हणाले, "आपल्या जुन्या स्कूटरचाच हा मोठा भाऊ आहे. टू-स्ट्रोक. ह्याला वेगळं ऑइल घालायचं नाही, पेट्रोलमध्येच मिसळायचं. जेवढं पेट्रोल पिईल तेवढंच ऑइल त्याच्या पोटात जाणार." पंखांना कापड चढवायचं काम मात्र माझ्याकडे आलं. मी शाळेत गृहविज्ञान शिकवत असे आणि माझी शिलाई त्यांनी कॉलेजात असल्यापासून अंगावर घातली होती. राजवाड्यामागच्या दुकानातून मी मेण लावलेला दोरा आणला. कापड सांगाड्यावर चिकटवलं की ते सैल दिसतं. त्यावर इस्त्री फिरवली की ते आक्रसून ढोलकीसारखं ताणलं जातं. "वहिनी, तुमची प्रेस द्या ना जरा," असं म्हणून त्यांनी माझी इस्त्री वर नेली आणि मग मलाही वर नेलं, कारण त्यांचा हात जड पडायचा. शेजारच्या गच्च्यांवर बायका उभ्या राहून बघायच्या. एकीने विचारलंच, "भाभीजी, इतनी बड़ी कमीज किसकी है?"

परवानग्या आणि तपासण्या यांत काही वर्षं गेली. पंख गच्चीवरून दोरांनी गल्लीत उतरवले, पहाटे टेम्पोत घालून कृष्णपुऱ्यावरून पलीकडे नेले आणि देपालपूरच्या बाजूला बाबूलालजी पटेलांच्या शेताकडेला मुरूम दाबून केलेल्या धावपट्टीवर ते विमान उभं राहिलं. बाबूलालजी हे पिढीजात शेतकरी, अविभावजींचे दोस्त. शेड त्यांची, पट्टी त्यांची, आणि पट्टीवर येणारे घोडारोज, म्हणजे नीलगाई, हाकलायचं कामही त्यांनी आपण होऊन घेतलेलं.

विमान उडवणं हा अविभावजींच्या रविवारचा फार थोडा भाग असे. बाकी सगळा दिवस देखभाल. प्रत्येक तार बोटांनी चाचपायची, कापडावर कुठे ओरखडा असेल तर ठिगळ लावायचं, वेग मोजायच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का ते बघायचं. स्पार्क प्लग काढून ते माझ्यासमोर धरायचे, वैद्य जीभ बघतो तसे. "हा बघा, चहासारखा रंग आहे ना? म्हणजे तब्येत ठीक. काळा असला तर जास्त पितोय. पांढरा दिसला तर मात्र वहिनी, घरी जायचं. उडायचं नाही." मी थर्मास घेऊन बाजेवर बसायची आणि ऐकायची. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात ते झालं. स्वच्छ, कडक थंडीची सकाळ होती. विमान वर दोन फेऱ्या मारून खाली यायला लागलं होतं. टू-स्ट्रोकचा आवाज कर्कश असतो, सवय झाली की तो ऐकू येईनासा होतो. त्या दिवशी तो एकदम थांबला आणि मला आधी पक्षी ऐकू आले. मग कळलं की का ऐकू आले. विमान बाभळींवरून पुढे सरकत गेलं, पट्टीपर्यंत पोचलं नाही, आणि हरभऱ्याच्या शेतात दिसेनासं झालं. बाबूलालजी धावले, मागे मी. नाक मातीत रुतलेलं, एक चाक निखळून पडलेलं, आणि अविभावजी पट्ट्याला लटकलेले.

"लगी तो नी भिया?"

"पटेल साब, आपके चने..."

"चने गए भाड़ में! पहले हाथ हिला के बताओ!"

एकच हात हलला. दुसऱ्या बाजूचं खांद्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोडलं होतं. संध्याकाळी श्रीकांत हॉस्पिटलमध्ये आले. ते ओरडले नाहीत. झोळीत अडकवलेल्या हातावरून शर्ट नीट घालून त्यांनी एकेक बटण लावलं, लहानपणी शाळेत पाठवताना लावत असतील तसं, आणि शेवटचं बटण लावून झाल्यावर म्हणाले, "विकून टाक ते."

"दादा, मी पडलो नाही. इंजिन जाम झालं, मी उतरवलं."

"मला त्यातला फरक कळत नाही, अवि."

त्या दिवसापासून श्रीकांतनी विमानाचं नाव घेणं सोडलं. अविभावजींनी इंजिन घरी आणून उघडलं. पिस्टनवर लांब ओरखडे पडले होते, नखं मारल्यासारखे. थंडीतली हवा घट्ट असते, त्यांनी मला समजावलं; हवा जास्त गेली, पेट्रोल तेवढंच राहिलं, तेव्हा पिस्टन तापला. थंडी पडताच कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा बसवायला हवा होता. "आणि उतरताना मी थ्रॉटल बंद करून ठेवला. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. बिचाऱ्याला मीच उपाशी ठेवलं." त्यांच्या बोलण्यात इंजिनाबद्दल तक्रार नव्हती. वर्षभर ते विमान पुन्हा बांधत राहिले. चाकांची बैठक रुंद केली, इंजिनाखालचे रबर बदलले, दिवाळी झाली की जेट बदलायचा हा नेम केला. ते पुन्हा उडायला लागले तेव्हा श्रीकांत रविवारी सकाळी व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचे. पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही. फाटक वाजलं की उठून आत जायचे.

असं बरीच वर्षं चाललं. दोघं एका ताटाच्या अंतरावर जेवायचे आणि हवामान, राजकारण, सराफ्यातली गर्दी सगळं बोलायचे... तेवढं एक सोडून. श्रीकांत ऑडिट खात्यातून निवृत्त झाले त्या हिवाळ्यात अविभावजींनी विमानात एक बदल केला. विमान दोघांचं होतं, शेजारी-शेजारी सीट. उजवी कायम रिकामी. इंजिनाला दोन सिलिंडर, प्रत्येकाच्या धुराचं तापमान दाखवणारा एकेक काटा. हे दोन्ही काटे त्यांनी आपल्या समोरून काढले आणि उजव्या सीटसमोर नेऊन बसवले. मी विचारलं, मग तुम्हाला कसे दिसणार? "एकटा असलो की मान वळवून बघेन," ते म्हणाले. "दादा असला की नाही बघणार."

"ते येणार नाहीत."

"दादाला नुसतं बसवलं तर तो भीतीनं अर्धा होईल, वहिनी. त्याला काम द्यायला हवं."

रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला. "दादा, मला एक ऑडिटर पाहिजे." श्रीकांत वर बघेनात. "दोन काटे आहेत. दोन्ही एका पातळीवर राहायला हवेत. एकाने डोकं वर काढलं की मला सांगायचं, मी उतरवतो."

"तुला दिसत नाहीत?"

"तुझ्या बाजूला लावलेत."

श्रीकांतनी हातातली पोळी खाली ठेवली. "मूर्खपणा आहे हा."

"हो ना यार. म्हणून तर तू ये."

पुढच्या रविवारी श्रीकांत माझ्याआधी तयार होऊन फाटकाशी उभे होते. स्वेटरवर कोट, कोटावर मफलर. बाबूलालजींनी त्यांना हात धरून चढवलं. विमान उठलं. घरातली दोन्ही माणसं वर होती. उतरल्यावर मी धावत गेले, विचारलं, काय काय दिसलं? "दोन्ही काटे सारखे होते," श्रीकांत म्हणाले. शेत, रस्ते, यशवंत सागर तलावाचं पाणी, काही नाही. त्यांनी बाहेर पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर ते जात राहिले. वर आवाजात बोलायला कानाला माइकवाले हेडफोन असायचे आणि अविभावजी मधूनमधून विचारायचे, "दादा?" श्रीकांत म्हणायचे, "सारखे." एवढंच संभाषण. पण एके दिवशी गव्हावरून जाताना श्रीकांत म्हणाले, "अवि, डावा वर चाललाय." अविभावजींनी मान वळवली नाही, खात्री करून घेतली नाही, विचारलं नाही की किती. त्यांनी सरळ विमान वळवलं आणि पट्टीवर टेकवलं. उघडून पाहिलं तर डाव्या कार्बोरेटरला इंजिनाशी जोडणारं रबर चिरलं होतं आणि तिथून जास्तीची हवा आत जात होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर पुन्हा तेच झालं असतं. बाबूलालजींनी ते रबर वाकवून चीर उघडी केली आणि श्रीकांतकडे बघून म्हणाले, "बाबूजी, आज तो आपने बचा लिया." श्रीकांत शेडच्या मागे गेले आणि बराच वेळ तिकडेच होते. अविभावजींनी मला जाऊ दिलं नाही.

रबर बदलून पुन्हा उडाले त्या दिवशी अविभावजी खाली उतरून आधी माझ्याकडे आले. डोळे चमकत होते. हळूच म्हणाले, "वहिनी, आज दादाने खाली बघितलं."

मग ही काही सुखाची वर्षं... आणि मग ते दुखणं. शेवटचे ते शेडवर आले तेव्हा उभं राहायची ताकद नव्हती. खुर्चीत बसून सांगत होते आणि श्रीकांत त्यांच्या सांगण्यावरून एकेक तार चाचपत होते. मध्येच अविभावजींचा डोळा लागला. श्रीकांतनी काम थांबवलं नाही, सगळं पूर्ण केलं, आणि मग झोपलेल्या भावाला सांगितलं, "झालं रे सगळं."

विमान घ्यायला एक-दोघांनी विचारलं. अविभावजींबरोबर उडायला शिकलेले एक मित्र दिवाळीनंतर येऊन ते चालवून बघणार आहेत. त्यांना श्रीकांतनी सांगितलं, "या, पण आधी इंजिनातला कार्बन काढायचा राहिलाय." हे काम अविभावजी नेहमी पावसाळ्यात करायचे. बाबूलालजींनी पिकअपमध्ये घालून इंजिन आमच्याकडे आणून सोडलं आणि सध्या ते बैठकीत टेबलावर आहे. ज्या माणसाने घरातला गळका नळ कधी दुरुस्त केला नाही, तो चष्मा कपाळावर चढवून रोज सकाळी त्याच्यासमोर बसतो. पडद्यांना पेट्रोलचा वास लागलाय. मी धुतलेले नाहीत.

परवा मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बैठकीत पाना दोनदा घसरल्याचा आवाज आला. मग श्रीकांतचा आवाज आला, वैतागलेला, अगदी रोजचा. "अवि, हे कुठल्या बाजूला फिरवायचं रे?"

माझे हात परातीत तसेच राहिले. बाहेरही काही हाललं नाही. मग लोखंड करकरलं, आणि काहीतरी सुटून टेबलावर पडलं.

"निघालं," श्रीकांत म्हणाले. कुणाला, ते मी विचारायला गेले नाही.