सगळ्यात आधी काठाला लागलेला कॅप्टन

करमाडच्या विश्वजीतनं शेंद्र्याकडची जमीन विकून मोटारबोट घेतली आणि तेव्हापासून तो स्वतःला कॅप्टन म्हणवून घेऊ लागला. पाण्याशी त्याचा आजवरचा संबंध बोअरवेलपुरता. पण काळा चष्मा लावून, अंगात नारिंगी लाइफ जाकीट चढवून तो धरणाच्या काठावर उभा राहिला, की सुट्टीला आलेले लोक त्याला साहेब म्हणत. त्याला तेवढं पुरे होतं.

बोटीची नोंदणी नव्हती, चालवायचा परवाना नव्हता. गस्तीवरच्या हवालदारानं बजावून पाहिलं, "भाऊ, उद्या कुणी बुडालं तर आत जाल."

"पाण्यावर कुठं सिग्नल असतो का?" विश्वजीत म्हणाला. असल्या विनोदावर सगळ्यात आधी स्वतःच हसायची त्याला खोड.

त्या रविवारी सहा जणांच्या बोटीत त्यानं तेरा कोंबले. त्यात बायको मंजुषा आणि लहानगी लेक प्रेरणाही होती.

"अहो, पोरीला तरी जाकीट द्या," मंजुषा म्हणाली.

"माझ्या बोटीत बसून भ्यायचं व्हय?"

मध्यावर त्यानं तोरा दाखवायला बोट गर्रकन वळवली. ती कलली आणि उलटली.

जवळच मासेमार जाळी टाकत होते. त्यांच्या नावा धावल्या म्हणून सगळे वाचले. तोवर मंजुषानं प्रेरणाला केसांना धरून पाण्यावर ठेवलं होतं. कॅप्टन कुणाकडं न बघता कधीच काठाला लागला होता आणि चष्मा हरवला म्हणून कुरकुरत होता.

बोट जप्त झाली, खटला उभा राहिला. वकिलानं वाऱ्यावर खापर फोडलं. भावकीनं मंजुषाला गळ घातली, "घरची अब्रू हाये. वारं लई सुटलं व्हतं म्हण."

ती कोर्टात उभी राहिली. "वारं नव्हतं, साहेब. जाकीट एकच व्हतं. ते यांच्या अंगात व्हतं, अन् माझी पोर पाण्यात व्हती."

कैद झाली, दंडही झाला. निकाल ऐकून विश्वजीत ढसाढसा रडला. चारचौघांत नाक कापलं गेलं म्हणून. सुटून आला तेव्हा त्याच्यासारख्याच मित्रांनी चौकात त्याला हार घातला, आणि त्यानं तो घालून घेतला.

मंजुषा तोवर मुकुंदवाडीत खोली घेऊन राहत होती. तो न्यायला गेला. तिनं दारातच विचारलं, "पोर कशी हाये, हे एकदा तरी विचारलं का तुम्ही?"

"आधी कोर्टात मला तोंडघशी पाडलंस, त्याचं बोल."

तिनं दार लावून घेतलं.