ओझेलाची साक्ष

१९३६ चा मार्च. जॉर्जियातल्या त्या गावच्या कोर्टात काळ्यांनी वर, गॅलरीत बसायचं. साक्ष देऊन ओझेला प्रुइट वर आली, पण तिला बसवेना. खाली आरोपीच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ लिअँडर होता. कापसाचं गोदाम पेटवल्याचा आरोप. शाबीत झाला तर वीस वर्षं साखळदंडात खडी फोडणं. त्या दुपारी तो आपल्या परसात धुण्याच्या हंड्याखाली लाकडं सारत होता, असं तिने शपथेवर सांगितलं होतं. शपथेचं बायबलही काळ्यांसाठी वेगळं, कोपरे झिजलेलं.

आता तिचा शब्द बारा गोऱ्या ज्युरींना पटवायचा होता, वकील व्हिटकोंबसाहेबांनी. सकाळीच तिने त्यांना बजावलं होतं, "काय वाट्टेल ते बोला साहेब, पण धुण्याचा विषय नको. बारांतल्या सात घरचं धुणं माझ्याकडे आहे. पोटावर पाय येईल."

"बघू," एवढंच ते म्हणाले होते.

"अगं, टेक की जरा! तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच भोवळ येतेय," गॅलरीत शेजारी बसलेली कोराकाकू पुटपुटली.

साहेब उठले. आधी कायदा झाला, मग देव. ज्युरी जांभया देऊ लागले. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला.

"गृहस्थहो, तुमच्यापैकी सात जणांच्या अंगातला सदरा या बाईने धुतलाय."

"मेले मी," ओझेलाने डोळे मिटले.

"तान्ह्या लेकरांची दुपटी तुम्ही बिनघोर तिच्या हाती देता. खिशात राहिलेलं घड्याळ ती परत आणून देते. मग तोच हात बायबलवर ठेवला की खोटा कसा होतो? तिच्या कातडीखेरीज मला कारण दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल, तर घरी बायकोला तोंडावर सांगता येईल असं असू द्या."

एकाचा हात नकळत कॉलरकडे गेला.

तीन तासांनी ज्युरी परतले. एकमत नाही, अकरा एकीकडे, एक दुसरीकडे. खटला ऑक्टोबरात पुन्हा चालणार, तोवर लिअँडर तुरुंगात.

"ताई, डबा पाठव गं! इथली लापशी कुत्रंसुद्धा हुंगणार नाही!" जाताजाता तो ओरडला.

जिन्यात साहेब भेटले. "एक जण आपल्या बाजूने फुटला, ओझेला!"

"आणि माझी सात घरं?"

साहेबांनी मान खाली घातली. "तू नको म्हणालीस, तर पुढच्या वेळी तो विषय काढणार नाही."

ती कठडा धरून दोन पायऱ्या उतरली, थांबली.

"काढा. पण देव जरा आवरता घ्या. पाच जण पेंगत होते."