वाढत्या अंगाची सायकल

तडतडे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी उन्हानं पुसून गेली आणि गल्लीनं ठेवलेलं नाव तेवढं टिकलं. सायकल मिस्त्री तडतडे. सकाळी शटर वर करतानाच तापायला लागत, आणि दुपारपर्यंत इतके गरम होत की समोरचा चहावाला म्हणे, "शेगडी नको पेटवायला, मिस्त्रींच्या डोक्यावर भांडं ठेवलं तरी चालेल."

मोठ्यांच्या सायकलींवर त्यांचा फारसा राग नसे. मोठा माणूस पडला तर तो आपल्या अकलेनं पडतो, असं त्यांचं मत. डोकं फिरे ते लहान पोरांच्या सायकलींवरून. त्यातही पोरांवर नव्हे, आईबापांवर.

"मिस्त्री, जरा मोठीच दाखवा. वाढतं अंग आहे, चार वर्षं तरी चालली पाहिजे."

हे वाक्य कानावर पडलं की संपलं.

"चपलाही चार वर्षांच्याच घेता का? फरफटत जाईल की शाळेत! लग्नाचा कोटही शिवून टाका आत्ताच, बाह्या दुमडून घालेल!"

मग ते पोराला बुटांसकट भिंतीला टेकून उभं करत, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही वरपर्यंत धरायला लावत आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावत. जेवढं भरेल तेवढ्यावर सीट. बोटभरही वर नाही. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. एवढं झालं की दोन्ही पेडलं काढून बापाच्या हातात देत. "ही कपाटात ठेवा. पोर तोल सावरत, पाय उचलून उतारावरून सरळ जायला लागलं, की घेऊन या. बसवून देतो." निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरत. नव्या सायकलची पेडलं उपटणारा मिस्त्री कुणाला परवडणार?

असा हा नियमाचा पक्का माणूस. आणि तो फसला कुठे, तर घरातच.

महिन्यापूर्वी त्यांच्या जावयानं पाच वर्षांच्या लेकीसाठी चकचकीत वीस इंची सायकल आणली. त्याआधी मुलीचा फोन आला होता. "बाबा, त्यांनी हौसेनं घेतलीय. तुम्ही काही बोलू नका हं. बाजूची दोन चाकं तेवढी लावून द्या." जन्मात गप्प न बसलेले तडतडे जावयासमोर गप्प बसले. आपल्या हातानं पट्ट्या आवळल्या, चाकं लावली, वर चहाही पाजला.

आठव्या दिवशी वळणावर सायकल आत कलायला गेली, बाजूच्या चाकानं ती कलू दिली नाही, आणि नात बाहेरच्या अंगाला आपटली. वरून सायकल. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं. ते भरून आलं, पण टिचकी (नातीला सगळे टिचकीच म्हणत) सायकलला हात लावायला तयार नव्हती. बिल्डिंगच्या जिन्याखाली ती सायकल उभी असे, तर ही समोरच्या भिंतीला पाठ घासत जाई.

रविवारी सकाळी जावई ती सायकल घेऊन दुकानात आला. मागे टिचकी.

"बाबा, या चाकाची पट्टी वाकलीय, सरळ करून द्या. आणि हिला जरा समजवा. फार भित्री झालीय."

"भित्री?" तडतड्यांच्या हातातला पाना खाली आपटला. "सतरा किलोची पोर, तेरा किलोची सायकल! तुमच्या वजनाच्या मानानं साठ किलोची होते ती, जावईबापू. घ्या चालवायला. पायही पोचायला नकोत हं जमिनीला. मग बघू कोण भित्रं!"

"अहो, दुकानदार म्हणाला..."

"तो म्हणणारच! त्याला सायकल खपवायचीय, पोर उचलायला तो येत नाही!"

जावईही काही मुका नव्हता. "मग ही चाकं लावली कुणी? तुम्हीच ना? त्या दिवशी का नाही बोललात?"

 गेला महिनाभर हाच प्रश्न तडतडे स्वतःला विचारत होते आणि राग मात्र आल्यागेल्या गिऱ्हाइकावर काढत होते.

ते तरातरा मागे गेले आणि भंगारातून एक जुनी चौदा इंची ओढून बाहेर आले. उजवं पेडल एका झटक्यात निघालं. डावं निघेना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे त्यांनी आजवर शंभर जणांना ओरडून शिकवलं होतं, आणि आज रागाच्या भरात स्वतःच ते उजव्यासारखं फिरवून आणखी घट्ट करत होते. ध्यानात आलं तेव्हा स्वतःलाच एक शिवी हासडली. मग सीटचा दांडा करवतीनं चार बोटं कापला, कड कानशीनं घासली. ब्रेकच्या मुठीतला बारीक स्क्रू पिळून मूठ हँडलजवळ आणली, चिमुकल्या बोटांना पुरेल अशी.

"पेडल नसलेली सायकल?" जावई म्हणाला. "पोरं हसतील हिला."

"हसू देत! रडण्यापेक्षा बरं!" आणि त्याच पट्टीत, "ये गं टिचके, बस!"

टिचकी पप्पांच्या मागे सरकली.

"ये म्हटलं ना!"

"मी नाही. तुम्ही ओरडता."

"मी? मी कुठे ओरडतोय?" हे वाक्य चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं.

"त्या दिवशी पप्पापण ओरडत होते. पेडल मार, पेडल मार, वळव, वळव. मला काही कळेचना, मग मी पडले." तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही दोघं आत जा. मग बघते."

सासरे-जावई निमूट आत गेले आणि टांगलेल्या टायरांच्या आड उभे राहिले.

"चूक माझी," तडतडे दात आवळून कुजबुजले. "नाही लावत, असं तोंडावर सांगायला हवं होतं. पण निम्मी तुमचीही आहे."

"निम्मी?"

"बरं, पाऊण माझी."

जावई काही बोलणार तोच बाहेर बुटांचा आवाज झाला. टप, टप. टिचकी बसली होती. दोन्ही तळवे सपाट. ती बसल्या बसल्या चालत होती, सायकल आपली तिच्याखालून येत होती. ती दुकानापासून गल्लीतल्या विजेच्या खांबापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तडतड्यांच्या ओठांवर दहा सूचना येऊन थडकल्या. त्यांनी हातातलं फडकं पिळून पिळून सगळ्या गिळल्या.

मग टप झालं, आणि पुढचं टप आलंच नाही. हातभर अंतर टिचकीचे पाय हवेत होते.

"शाब्ब..." जावयाच्या तोंडून निघालं, तसा तडतड्यांनी ग्रीसनं माखलेला पंजा त्याच्या तोंडावर दाबला.

"गप! एक अक्षर काढलंत ना, तर ही पेडलं तुम्हाला बसवीन!"

बाहेर टिचकीनं मागे वळूनही पाहिलं नाही. तिनं पुन्हा पाय उचलले.