देवकीनं भरलेली बाटली

आमच्या शेजारची देवकी म्हणजे दुसऱ्याचं ओझं दिसलं की आपल्या डोक्यावर घेणारी बाई. जावेची भांडी, सासूची औषधं, मोहल्ल्यातल्या लग्नाच्या पोळ्या, सगळीकडे ही पुढे. मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिला कितीदा म्हटलं, बाई, अति तिथं माती. ती नुसती हसायची.

धाकटी जाऊ प्रीती पहिल्यांदा गरोदर राहिली, तेव्हा चौथ्या महिन्यात देवकीच तिला आमच्या केंद्रात घेऊन आली. सासू प्रयागबाई बाहेर ऑटोत बसून होत्या. लघवीच्या तपासणीसाठी प्रीतीला बाटली मिळाली, पण ती घरून निघतानाच जाऊन आली होती. त्यात संडासाची कडी तुटकी आणि दाराबाहेर बायकांची रांग. लाजेनं तिला थेंबभरही होईना. बाहेरून प्रयागबाईंचा आवाज आला, "किती येळ वं? ऑटोवाला कटकट करून राहिला!" प्रीती रडकुंडीला आली.

देवकीनं तिच्या हातातली बाटली घेतली. "आण इकडे. तुले काही तरास आहे का? जळजळ? नाही ना? मंग कोणाचीबी चालते." आत गेली आणि भरून आणली. बाटलीवर नाव प्रीतीचं होतं. रिपोर्ट साफ आला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एप्रिलअखेरच्या एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी सहज बोलून गेले. म्हटलं, गरोदरपणात काही बायांच्या लघवीत जंतू असतात. ना जळजळ, ना ताप, बाई आपली मजेत. वेळेवर गोळ्या दिल्या तर निभावतं. नाही दिल्या तर कधीकधी ते किडनीपर्यंत चढतात, हुडहुडी भरून ताप येतो, बाळ दिवसांआधीच येऊ शकतं.

गवारीच्या शेंगा मोडणारे देवकीचे हात थांबले. "आन् बाईले काहीच समजत नाही, सिस्टर?"

"काहीच नाही. म्हणून तर तपासणी."

दुसऱ्या दिवशी तिनं घरात विषय काढला, की प्रीतीची लघवी पुन्हा तपासून घेऊ. प्रीती हसली. प्रयागबाई कडाडल्या, "एकदा साफ आला ना? आता काहून? पोटात लेकरू आहे, कारखान्याचा माल नाही घडीघडी तपासाले!" एका वाक्यात भागलं असतं. पण सासूसमोर ते वाक्य देवकीच्या तोंडातून निघेना. आठ दिवसांवर डोहाळजेवण होतं. तिनं ठरवलं, तेवढं पार पडू दे, मग सांगीन. मला तिचा अजूनही राग येतो. माझं दार दहा पावलांवर होतं. ते आठ दिवस ती येताजाता प्रीतीच्या कपाळाला हात लावायची. ताप नसायचा. तिला हायसं वाटायचं आणि तासाभरानं ती पुन्हा हात लावायची.

डोहाळजेवणाच्या दुपारी ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं होतं. कूलर समोर असूनही आम्ही बायका घामानं निथळत होतो. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत प्रीती झोक्यावर बसली होती.

"ताई, कूलर बंद करा ना," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मले थंडी वाजून राहिली. पाठबी लय दुखते."

बायका हसल्या. कुणी म्हणालं, सातव्या महिन्याचे नखरे. देवकीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मग सासूसमोर, साऱ्या बायकांसमोर ती मला मोठ्यानं म्हणाली,

"सिस्टर, इची लघवी कधी तपासलीच नाही. तो साफ रिपोर्ट माझा होता."